लाकडी एंटरप्राइझ आणि दोरीने उघडणारी दारं: नागपुरातलं स्टार ट्रेक प्रदर्शन

शुक्रवार, संध्याकाळ

अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर. बस वेळेत पोचली, म्हणून प्रवासाबद्दल एवढंच पुरे. मुक्काम सीताबर्डीत ठेवावा. मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका इथेच एकमेकींना भेटतात, त्यामुळे प्रदर्शन, रमण विज्ञान केंद्र आणि रेल्वे स्टेशन ही तिन्ही ठिकाणं इथून सोयीची. जानेवारीत नागपूरला दुपारी ऊन बोचतं, पण पहाटे पारा 10 ते 12 अंशांपर्यंत उतरतो. कानटोपी बॅगेत असू द्या.

स्टार ट्रेक ही एका अंतराळयानाच्या प्रवासाची विज्ञानकथा. तिच्या मूळ मालिकेचा पहिला भाग 8 सप्टेंबर 1966 ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला आणि शेवटचा 3 जून 1969 ला. तीन हंगाम, 79 भाग. 2026 मध्ये त्याला साठ वर्षं होतात. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती लागायची, आणि हे प्रदर्शन उभं करणारी नागपूरकर मंडळी बहुतेक तेव्हाचीच प्रेक्षक. कुणी आयटीआयमधून निवृत्त झालेले शिक्षक, कुणी सुतार, एक इलेक्ट्रॉनिक्सचे दुकानदार, एक शिवणकाम करणाऱ्या ताई, आणि मदतीला इंजिनीअरिंगची पोरं. परवाना घेऊन विकत आणलेली एकही वस्तू इथे नाही. सगळं हाताने केलेलं आहे आणि ते कसं केलं हे शेजारच्या पाटीवर मराठीत लिहिलेलं आहे.

परदेशातली मोठी प्रदर्शनं वस्तू काचेत ठेवतात आणि मागची बाजू भिंतीकडे करतात. नागपूरकरांनी नेमकं उलटं केलं आहे, आणि या मालिकेसाठी तेच योग्य आहे. तिची जी चिन्हं जगभर ओळखली जातात, त्यातली बरीचशी पैसे कमी पडले म्हणून जन्माला आली. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं विरून जाऊन दुसरीकडे प्रकट होण्याची युक्ती निघाली. ही मालिका समजून घ्यायची तर मागच्या बाजूने बघायला हवी.

शनिवार

सकाळ तर्री पोह्यांनी. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला गाड्या लागतात. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वर कांदा आणि शेव. तर्री वरून घालून न घेता वाटीत वेगळी मागितली तर पोहे भिजून लगदा होत नाहीत आणि तिखटाचा अंदाज आपल्या हातात राहतो. प्रदर्शनात उभं राहणं बरंच आहे, तेव्हा पोट भरून जावं.

प्रदर्शन धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये पहिल्या मजल्यावर. दार दहाला उघडतं. पहिल्या तासात जा. अकरानंतर शिकवण्या सुटलेली मुलं येतात आणि मग यानाभोवती गर्दी हटत नाही.

आत शिरताच समोर एंटरप्राइझ, म्हणजे मालिकेतलं अंतराळयान. मालिकेत वापरलेलं मूळ मोठं मॉडेल कलादिग्दर्शक मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून 1964 मध्ये बांधलं गेलं. बांधणीत रिचर्ड डेटिन यांचा मोठा हात होता. लांबी 135 इंच, म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटर, पुढच्या गोल तबकडीचा व्यास 60 इंच, वजन 90 किलोच्या आसपास. साहित्य पॉप्लरचं लाकूड, पत्रा आणि साच्यात ओढलेलं प्लॅस्टिक. 1974 मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेला दिलं गेलं. आज ते वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे आणि 2016 मध्ये मोठी दुरुस्ती होऊन पुन्हा लोकांपुढे आलं. आधीच्या दुरुस्त्यांमध्ये बाकी यान पुन्हापुन्हा रंगवलं गेलं होतं, पण तबकडीच्या वरच्या अंगाचा मूळ रंग तसाच राहिला होता. दुरुस्ती करणाऱ्यांना खरी छटा तिथेच सापडली.

नागपूरचं यान त्याच्या बरोबर निम्म्या मापाचं. मापं निम्मी केल्यावर इंजिनाच्या दोन लांब नळ्यांचा व्यास जवळजवळ 110 मिलिमीटर येतो, आणि त्या मापाचा पीव्हीसी पाइप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. लांबी 91 सेंटिमीटर. पण मूळ नळी मागे निमुळती होत जाते आणि पाइप तर सरळ. त्यासाठी पाइपाच्या लांबीतून पाचरीच्या आकाराची एक पट्टी कापून काढली, हॉट एअर गनने पाइप मऊ केला, दोन्ही कडा जवळ आणून सॉल्व्हंट सिमेंटने जोडल्या आणि थंड होईपर्यंत होज क्लिप आवळून ठेवल्या. पट्टी एकाच बाजूने काढली तर पाइप किंचित वाकतो. समोरासमोर दोन अरुंद पट्ट्या काढल्या की सरळ राहतो. पीव्हीसीला 220 नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत केल्याशिवाय प्रायमर लावला तर रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. तोही नमुना मुद्दाम शेजारी ठेवला आहे.

सगळ्यात अवघड भाग नळ्या पेलणाऱ्या दोन तिरप्या पट्ट्यांचा. दिसायला त्या बारीक हव्यात आणि जड नळ्या वर्षानुवर्षं न झुकता धरायला हव्यात. पहिल्या खेपेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेलं फळकूट, वापरलं होतं. पावसाळ्यात दमट हवेने ते फुगलं, स्क्रू सैल झाले आणि नळ्या बाहेरच्या बाजूला फाकल्या. आता आत 6 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आहे, एका नळीपासून सुरू होऊन यानाच्या धडातून आरपार दुसऱ्या नळीपर्यंत अखंड. जोड धडाच्या आत नाहीच, म्हणून झुकणं थांबलं.

नळ्यांच्या टोकाचे नारिंगी घुमट बघायला जरा थांबा. मूळ मॉडेलमध्ये आत लुकलुकणारे रंगीत बल्ब होते आणि त्यांच्यापुढे मोटरवर फिरणारी पाती. इथे 12 व्होल्टची, मिनिटाला 30 फेरे घेणारी गिअर मोटर आहे, त्यावर पंख्यासारखी पाती आणि मागे एलईडी. दोन्ही बाजूंची पाती एकमेकांच्या उलट फिरतात. घुमट ॲक्रिलिकचे. ते आतून दुधाळ करायला स्प्रे मारला तर रंगातल्या थिनरने ॲक्रिलिकला केसासारख्या बारीक भेगा पडतात, कारण गरम करून फुगवलेल्या ॲक्रिलिकमध्ये ताण राहिलेला असतो. म्हणून 400 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून आतून घासला आहे. प्रकाश सारखा पसरतो आणि भेगांचं भय नाही.

दिव्यांचा दुसरा धडा तबकडीत आहे. पाच व्होल्टची एलईडी पट्टी एका टोकाने जोडली की कडेपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं, आणि शेवटच्या खिडक्या मंद आणि पिवळट दिसतात. पट्टीला दोन्ही टोकांनी वीज दिली की हा फरक जातो. जाड तार वापरून निम्मंच काम होतं.

आता यानाच्या डाव्या बाजूला जा. बहुतेक लोक उजवीकडूनच फोटो काढून पुढे सरकतात, आणि प्रदर्शनातली सगळ्यात महत्त्वाची जागा चुकवतात. मूळ मॉडेलचं चित्रीकरण उजव्या बाजूनेच होत असे. दिव्यांच्या तारा डावीकडून आत जात, आणि त्या बाजूच्या खिडक्या, खुणा, बारकावे पूर्ण केलेच नव्हते. यान उलट दिशेने जाताना दाखवायचं असेल तर उजव्या बाजूवर उलटे आकडे चिकटवून चित्रण करायचं आणि फिल्म आरशासारखी उलटवायची. नागपूरकरांनीही डावी बाजू तशीच उघडी ठेवली आहे, तारांचा जुडगा लोंबत असलेली. "पब्लिक म्हणते, काम अर्धंच करून ठेवलं का भाऊ," तिथे उभे असलेले सुतारकाका सांगत होते, "मग त्यांना इकडून उभं करून समजावून सांगा लागते." ते न कंटाळता प्रत्येकाला सांगतात. त्यांच्याजवळ दहा मिनिटं तरी काढा.

फोटोसाठी: आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की हॉलच्या दिव्यांचे आडवे पट्टे फोटोत येत नाहीत. घुमटाची पाती फिरताना पकडायची तर 1/50 बरं. फ्लॅश बंद ठेवा, घुमट पांढरे फटक येतात.

यानामागच्या भिंतीवर धाकट्या मॉडेलची हकीकत आहे. मोठ्याच्या आधी 33 इंचांचं एक बनवलं होतं आणि तेही मालिकेत दिसतं. सत्तरच्या दशकात ते गहाळ झालं, 2023 मध्ये ऑनलाइन विक्रीला आलेलं कुणाच्या तरी नजरेस पडलं आणि 2024 मध्ये मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या मुलाकडे परत गेलं.

जेवणाला खाली उतरून पाटोडी रस्सा आणि भाकरी. सांबारवडीही (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) मिळते. ती गरम असतानाच खावी, गार झाली की तेल वर येतं.

दुपारचं सत्र दारांचं. मालिकेत यानाची दारं माणूस जवळ येताच आपोआप सरकतात. प्रत्यक्षात सेटच्या मागे उभे राहून कामगार ती ओढत, आणि आवाज नंतर भरला जाई. इशारा चुकला की नट दारावर आपटे. इथे प्लायवूडची दोन पानं कपाटाच्या सरकत्या चॅनेलवर बसवली आहेत. दोन्ही पानं एकाच दोरीला, कप्पीवरून अशी बांधली आहेत की एक ओढलं की दुसरंही तितकंच सरकतं. मागे ओढणाऱ्याला समोरचं दिसत नाही. चालणारा जमिनीवरच्या खुणेवर आला की तिसरा माणूस बटण दाबतो, मागे लाल दिवा लागतो आणि दोरी ओढली जाते. आधी दारातून चालून बघा, मग मागे जाऊन दोरी धरा. खूण दारापासून चार फुटांवर आहे. नेहमीच्या चालीला ते अंतर बरोबर बसतं, पण मुलं पळत येतात आणि दार अर्धंच उघडलेलं असतं. "हळू ये ना बाप्पा, लाल दिवा तर लागू दे!" असं मागून ओरडणारी आठवीतली मुलगी दोरीवर सगळ्यांत तरबेज होती.

शेजारच्या काळ्या कापडाच्या खोक्यात माणूस विरून जाण्याची युक्ती. मूळ मालिकेत काळ्या पार्श्वभूमीपुढे, प्रखर झोतात ॲल्युमिनियमची पूड सोडली जाई आणि कॅमेरा उलटा धरून ती संथ गतीने टिपली जाई. ही पूड हवेत उडाली की पेट घेऊ शकते, म्हणून घरी तिच्या वाटेला जाऊ नका. इथे राखी-तोरणाला लावतात ती चमकी आहे. रीत अशी: खोक्याला आतून काळं मखमल, एका बाजूने टॉर्चचा झोत, वर दोन फुटांवर चहाची गाळणी, तीत अर्धा चमचा चमकी. मोबाइलवर 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड करायचं आणि गाळणीला एकच टिचकी मारायची. अर्ध्या सेकंदाचं पडणं चार सेकंदांचं होतं, आणि व्हिडिओ नंतर एडिटमध्ये 180 अंशांत फिरवला की कण खालून वर चढताना दिसतात. पंखा चालू असेल तर कण तिरके जातात. समोरून प्रकाश पडला तर मखमल राखाडी दिसतं आणि सगळा खेळ संपतो. नागपूरच्या कोरड्या थंडीत प्लॅस्टिकच्या गाळणीला स्थिर विजेने चमकी चिकटून बसते, स्टीलची घ्यावी.

मिठाच्या शेकरचं टेबल लहान आहे, पण चुकवू नका. पहिल्यांदा प्रक्षेपित झालेल्या 'द मॅन ट्रॅप' या भागात मिठासाठी माणसं मारणारा प्राणी आहे. त्यासाठी आधुनिक घडणीच्या मीठदाण्या आणल्या गेल्या. त्या इतक्या वेगळ्या दिसल्या की प्रेक्षकांना ओळखू येणार नाहीत, म्हणून यानावरच्या डॉक्टर मॅकॉयच्या वैद्यकीय उपकरणांमध्ये त्या गेल्या. टेबलावर नागपूरच्याच भांडेबाजारातून निवडलेल्या स्टीलच्या बारा शेकर आहेत. कोणती चालली असती ते आपण ठरवायचं.

गणवेशाच्या कोपऱ्यात शिवणाऱ्या ताईंनी दोन दिव्यांखाली एकच शर्ट टांगला आहे. कर्णधार कर्कचा शर्ट पडद्यावर सोनेरी दिसतो, पण मूळ कापडाचा रंग हिरवट होता. सेटवरच्या दिव्यांनी आणि फिल्मने तो पिवळा केला. पिवळ्या बल्बखाली आणि पांढऱ्या एलईडीखाली एकच कापड किती बदलतं ते इथे समोरासमोर कळतं. वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी पहिले दोन हंगाम वेलूर, म्हणजे मखमलीसारखं लवदार कापड, वापरलं. ते धुतलं की आटे, म्हणून तिसऱ्या हंगामात विणीचं जाड कापड आलं. ताईंचा सल्ला: वेलूर घ्याल तर शिवण्याआधी दोनदा धुऊन वाळवा, आणि सगळे भाग लवेची दिशा खालच्या बाजूला ठेवून कापा. एखादी बाही उलट बसली तर ती दुसऱ्याच रंगाची वाटते.

रात्री सावजी. तिखटाची सवय नसेल तर अर्धी प्लेट मागवा आणि भात आधीच सांगून ठेवा.

रविवार

सकाळी कार्यशाळा: कम्युनिकेटर, म्हणजे मालिकेतलं झाकण उघडून बोलायचं यंत्र. त्याची मूळ घडण वाह चँग या कारागिराची. ट्रायकॉर्डर, म्हणजे खांद्याला अडकवायचं तपासणीचं यंत्र, तेही त्यांचंच. झाकण उघडल्यावर फिरणारी नक्षी दिसते, तिच्यासाठी स्टॉपवॉचची यंत्रणा वापरली होती. इथे 3 व्होल्टची छोटी गिअर मोटर दिली जाते. साहित्याचे 250 रुपये, वेळ दोन तास, दहा वर्षांवरच्या मुलांना सहज जमतं.

नक्षीचं मर्म सोपं आहे. ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर, 38 मिलिमीटर व्यासाच्या दोन सारख्या चकत्या छापायच्या. प्रत्येकीवर मध्यापासून निघालेल्या 60 काळ्या पाचरी, मध्ये तेवढ्याच मोकळ्या. म्हणजे कडेला एकेक पट्टा साधारण एक मिलिमीटरचा पडतो. एक चकती पक्की चिकटवायची, दुसरी मोटरवर, पण तिचा मध्य 2 मिलिमीटर बाजूला. फिरवल्यावर वळणदार लाटा दिसू लागतात. मध्य बरोबर जुळवला तर लाटा उमटत नाहीत, नुसती उघडझाप होते. दोन चकत्यांमध्ये एक मिलिमीटरहून जास्त फट राहिली तर नक्षी धूसर होते. पाचरी 60 च्या ऐवजी 180 केल्या तर मध्याशी टोनर पसरून काळा ठिपका होतो. छपाईची बाजू दोन्ही चकत्यांची आत, एकमेकींकडे ठेवा. झाकणाला जाळीदार पितळी पत्रा लावतात. त्याच्या कडा कानशीने मारल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका.

दुपारी गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र. मेट्रोने कॉटन मार्केटला उतरून रिक्षा. 1992 पासूनचं हे केंद्र आहे आणि आवारात तारांगणही आहे. कोणत्या भाषेतला खेळ किती वाजता ते तिकीटखिडकीवर आधी विचारून घ्या, मग दालनं बघा. उलट क्रमाने केलं तर रविवारी तारांगणाची तिकिटं संपलेली असतात. प्रदर्शन बघून आल्यावर तारांगण बघणं फार जमून येतं, कारण मालिकेतली अंतरं आणि खरी अंतरं लगेच शेजारी ठेवता येतात.

मूळ मालिकेच्या लेखकांसाठीच्या नियमांप्रमाणे वार्पचा, म्हणजे यानाच्या प्रकाशाहून जास्त वेगाचा, आकडा घन करायचा, की प्रकाशाच्या किती पट वेग ते मिळतं. वार्प 6 म्हणजे 216 पट. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा, 4.24 प्रकाशवर्षांवर. वार्प 6 ने तिथे जायला सात दिवसांहून थोडा जास्त वेळ, वार्प 8 ने तीन दिवस. मुलांना हा हिशेब कागदावर करायला लावा, घन पाठ होतात.

संध्याकाळी प्रदर्शनाच्या मंडळींसोबत उमरेड रोडने शहराबाहेर. मालिकेतल्या परग्रहवासी मिस्टर स्पॉकचा ग्रह ज्या ताऱ्याभोवती आहे असं मानलं जातं, तो 40 एरिडानी खरोखर आकाशात आहे, 16.3 प्रकाशवर्षांवर. जानेवारीत रात्री साडेआठच्या सुमारास तो दक्षिणेला चांगला उंच असतो. शोधायची रीत: मृग नक्षत्रातला निळसर पांढरा राजन्य धरा. हात ताणून तर्जनी आणि करंगळी फाकवली की मधलं अंतर साधारण 15 अंश होतं. तेवढंच राजन्यापासून पश्चिमेला, जवळजवळ त्याच उंचीवर सरका. तारा 4.4 प्रतीचा, म्हणजे मंद, म्हणून शहरातून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. 7×50 ची दोन डोळ्यांची दुर्बीण असली तर शहराच्या कडेवरूनही पुरते. हा तीन ताऱ्यांचा समूह आहे, त्यातला एक श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेला छोटा तारा. त्याला बघायला मात्र स्टँडवरची, तीन-चार इंच भिंगाची दुर्बीण हवी. सोबत जाड सतरंजी आणि लाल कागद लावलेला टॉर्च न्या. पांढरा टॉर्च एकदा लागला की डोळे अंधाराला पुन्हा सरावायला वीस मिनिटं घेतात. वार्प 6 ने इथे पोचायला साडेसत्तावीस दिवस.

सोमवार

सकाळी आवराआवर बघायला थांबलो, आणि ते फार उपयोगी पडलं. ज्यांना आपल्या गावी हे प्रदर्शन न्यायचं असेल त्यांच्यासाठी मंडळींनी सांगितलेल्या गरजा अशा. हॉल किमान 30 बाय 40 फूट, आणि तळमजला असेल तर बरं. यान तबकडी, धड आणि नळ्यांची जोडी अशा तीन भागांत सुटतं. नळ्यांची जोडी अखंड पट्टीमुळे वेगळी करता येत नाही, त्यामुळे दार साडेतीन फुटांहून अरुंद असेल तर ती आडवी करून आत न्यावी लागते. वीज 5 अँपिअरच्या दोन स्वतंत्र सॉकेटवरून. मोटरी आणि एलईडी एकाच ॲडॅप्टरवर घेतले तर मोटर सुरू होताना खिडक्या लुकलुकतात. दारांसाठी भिंतीपासून चार फूट जागा मागे मोकळी हवी, दोरी ओढणाऱ्यांसाठी. टेम्पोत यानाखाली थर्माकोल नको, तो रंगाला चिकटतो. जुन्या सुती गोधड्या लागतात, आणि त्या बोलावणाऱ्यांनी आणायच्या.